ताकद चाकापतोर कशी जाती?

गॅरेजातनं गिऱ्हाईक गाडी घेऊन जातंय, किस्सा तेवढा आमच्याकडंच ठेवून जातंय. खानापूर रोडवरच्या आमच्या गॅरेजात असले इतके जमलेत की नवीन पार्ट ठेवायला जागा न्हाय.

मालक आप्पा. चाळीस वर्सं गिअरबॉक्स खोलतात. त्यांची लेक सुनीताक्का, डिप्लोमावाली. मी वायरिंग बघतो आणि जमंल तशा खोड्या काढतो.

एक दिवस आक्का म्हणाली, "आप्पा, आता हायब्रिड गाड्या पण घेऊया की. इंजिन आणि मोटर, दोन्ही एकातच."

"ताकद चाकापतोर कशी जाती ते कळलं तर घेतो. न कळलेल्या गाडीला मी हात लावत न्हाय. दिवाळीपतोर न्हाय कळलं, तर गॅरेज बंद!"

आक्का पुण्याची नोकरी सोडून आलती. दुसऱ्या दिवसापास्नं तिनं हायब्रिडवाल्यांना फोन लावले, "गाडी नुसती दाखवायला आणा."

*

पहिली आली वडगावच्या साडीवाल्या शेठची. माइल्ड हायब्रिड. बारकी मोटर पट्ट्यावरनं इंजिनला हातभार लावती, एकटी गाडी ओढत न्हाय.

आप्पा लगेच म्हणाले, "कळलं. हा मामा! नवरीला मंडपात आणून सोडतो, संसार करत न्हाय."

शेठ नाराज. "मग माझ्या गाडीवर हायब्रिड कशाला लिवलंय?"

"पत्रिकेत मामाचं पण नाव असतंय की!"

*

दुसरी पॅरलल. इंजिन आणि मोटर एकाच दांडीवर, पुढं नेहमीचा गिअरबॉक्स. वळखीचा गिअरबॉक्स बघून आप्पांनी खुशीत कुंद्याची मिठाई वाटली.

"एका जुवाला दोन बैल," म्हणाले. "कधी हा ओढतो, कधी तो, कधी दोघं."

मी विचारलं, "आणि उतारावर?"

"उतारावर मोटरचा बैल मागं रेटतो. आणि रेटता रेटता वैरण खातो!"

बॅटरी चार्ज कशी हुती, ते मला वायरिंगच्या कोर्समध्ये पण इतकं कळलं नव्हतं.

*

तिसरी निपाणीच्या मास्तरांची. सिरीज. इंजिन नुसता करंट तयार करतं, चाकं फिरवती मोटर.

मास्तर तक्रार घेऊन आलते. "आप्पा, गाडी सिग्नलला उभी, आणि इंजिन आपलं वरडतंय!"

आप्पा म्हणाले, "मास्तर, तुम्ही खुर्चीत बसलेला असताना पोरं पाढे म्हणतात का न्हाय?"

मास्तर चहा न पिताच गेले.

*

मग आली कॅम्पातल्या डॉक्टरांची, पॉवर स्प्लिट. तिथं आप्पा अडकले.

आक्कानं कागदावर काढून दाखवलं. मधी एक चक्र, भोवती बारकी चक्रं, बाहेर मोठं कडं. एकाला इंजिन, दोघांना दोन मोटरी. क्लच न्हाय. दाते कायम एकमेकांत.

"कोण कुणाला सोडतच न्हाय, मग गिअर बदलतो कोण?"

"कोणच न्हाय आप्पा. मोटरी वेग कमीजास्त करतात, त्यातनंच सगळं जमतं."

आप्पांनी सवयीप्रमाणं स्क्रूड्रायव्हर गिअरबॉक्सला लावून दुसरं टोक कानाला लावलं. गाडी चालू, आवाज शून्य. "मेलंय," म्हणाले. तेवढ्यात इंजिन आपोआप सुरू! आप्पा दोन फूट मागं.

"कुणाला विचारून सुरू झालं हे?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरला."

"मग बोलव त्याला!"

*

शेवटी आप्पा म्हणाले, चालवून बघतो. डावा हात गिअर शोधतोय, डावा पाय क्लच. क्लच म्हणून दाबतात तो ब्रेक! गेटपतोर जाताना माझं नाक तीनदा डॅशबोर्डवर.

आप्पांनी चावी आक्काच्या हातात ठेवली. "न्हाय जमत गं. दिवाळीला बंद."

आक्का आत जाऊन पाने पुसत बसली. पुसलेलेच परत.

दुपारी मी भंगारातल्या जीपचा गिअरचा दांडा दोन सीटच्या मधी बसवला. खाली कशालाच जोडलेला न्हाय. डाव्या पायाखाली क्लच म्हणून लाकडाचा ठोकळा. "एकदाच आप्पा," म्हटलं.

आप्पा पार देसूर गावापतोर गेले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे टाकत. परत येऊन उतरले. "कळलं. हायब्रिड घ्या. पण हिचा चौथा जड पडतोय."

आणि बसून दांड्याला ग्रीस लावलं.

गडबडीत दांडा काढायचा राहिला, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तेच म्हणाले,

"आप्पांना सांग रं, चौथा आता एकदम मऊ पडतोय!"