ब्रुकलिन ब्रिजवरची काजळी

आई परदेशात माझ्या घरी, पॉइंट कुकला आली म्हणून दिवाळीची साफसफाई सोडणार नाही, हे मला कळायला हवं होतं. तरी त्या सकाळी मी ती पेटी लाँड्रीत, घरातल्या कपडे धुवायच्या खोलीतच ठेवून ऑफिसला गेले.

पेटी शेजारच्या म्हातारीची. तिचे आजोबा तरुणपणी जहाजावर काम करत अमेरिकेला गेले आणि जातील तिथे फोटो काढत राहिले: नायगरा, न्यूयॉर्कच्या अर्ध्या बांधलेल्या उंच इमारती, ब्रुकलिन ब्रिज. सगळं काचेच्या निगेटिव्हवर. पुलावरच्या फोटोत तिची आजी उभी होती. आजीचा तेवढा एकच फोटो, आणि तोही कुणी कधी छापलेला नाही. काच उजेडाला धरली की केस पांढरे, चेहरा काळा, एवढंच दिसायचं. म्हातारी आता एज्ड केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, राहायला जाणार होती. त्याआधी स्कॅन करून आजीचा खरा चेहरा दाखवते, असा शब्द मी दिला होता, जरा ऐटीतच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. असली कामं मला येतात हे सांगायला मी लाजत नाही.

संध्याकाळी आले तर आई खुशीत. "बघ गं, कशा लख्ख निघाल्या!"

टॉवेलवर काही कोऱ्या काचा. टबात साबणाचं गरम पाणी, आणि उरलेल्या काचा भिजत.

"आई, काय केलंस हे?"

"काजळी केवढी होती! कंदिलाच्या काचेवर धरते ना, तशी. घासणीचे दोन हात मारले की निघते."

निगेटिव्हमध्ये आकाश काळं असतं. आईने अमेरिकेचं आकाश घासून काढलं होतं.

"फोटो होते ते!"

"असले फोटो असतात? फोन केला होता तुला, तू मीटिंगमध्ये. तुझ्या घरात काचेला हात लावायलाही डिग्री लागते का?"

मी टबात हात घातला. काचेवरचा थर फुगून दुधावरच्या सायीसारखा सरकत होता. नायगरा माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि पाण्यावर काळ्या चिंधीसारखा तरंगला. पूल सापडेना. टॉवेलवर नव्हता, की होता आणि पुसला गेला होता?

"पंखा लावू?" आईचा आवाज आता खाली आला होता.

"नको! काही करू नकोस."

पूल तळाशी होता. उचलताना वरचा कोपरा दुमडला आणि पुलाचा मनोरा माझ्या बोटांना चिकटून आला. खाली बाई अजून काचेला धरून होती. मी श्वास रोखून ती काच भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी केली.

"वाळू दे. मग बघू काय सांगायचं ते," मी म्हणाले.

"मग नाही. आत्ता. वाचलं तर सांगायचं, नाही वाचलं तर लपवायचं, असं नसतं."

आई ओल्या पदरानेच शेजारी गेली, मी मागोमाग. दार उघडताच आई मराठीतच म्हणाली, "मी धुतले. हिची चूक नाही." मी इंग्रजीत सांगितलं. इथली माणसं ऊठसूट 'नो वरीज' म्हणतात. म्हातारी म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "पूल?"

"अजून माहीत नाही."

तिने दार हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली, चहाला नाही म्हणाली आणि लॅपटॉपसमोर बसली. मी काच स्कॅनरवर ठेवली. आई लांब, फ्रीजला टेकून उभी. मी रंग उलटवायचं बटण दाबलं.

अर्धा पूल नव्हताच. लोखंडी दोर वर जाऊन काळ्यात संपत होते. खाली हॅट घातलेली एक तरुण बाई, डोळे बारीक केलेले.

म्हातारीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "तो काळा चेहरा बघून मला वाटायचं, ती रागावलीय. हिच्या तर डोळ्यांवर ऊन येतंय."

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आई पुढे आली आणि पहिल्यांदाच तो फोटो नीट बघायला खाली वाकली.