लांब बांबू

वहिनींनी बांबू माझ्या हातात दिला नाही. माझ्या पायापाशी टाकला.

"हा राहू द्या तुमच्यापाशी, बाई. कोणी गटांगळ्या खाऊन राह्यलं, तर याचं टोक द्यायचं. तुम्ही पाण्यात नाही उतरायचं."

मी वाकून बांबू उचलला. कामाचा पहिला दिवस होता. वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मला जीवरक्षक म्हणून नेमलं होतं.

"बॅच चालू असताना उगीच उतरायचं नाही, असंच ना वहिनी?"

"उतरायचंच नाही. मेंबर लोकायची हायजीन सांभाळा लागते."

हायजीन. हा शब्द त्यांनी फार जपून उच्चारला. चिखलातून जाताना निऱ्या उचलतात, तसा.

हा तलाव तालुक्याच्या गावाबाहेर, एका मंगल कार्यालयाच्या मागे आहे. उन्हाळाभर चालतो. सकाळी पुरुषांची बॅच, संध्याकाळी बायकांची. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. वहिनी त्यांच्या पत्नी. बायकांची बॅच त्याच पाहतात. मी आधी मुलींच्या एका वसतिगृहात पोहायला शिकवायचे. ते बंद पडलं. माझ्याकडे जीवरक्षकाचं प्रमाणपत्र होतं आणि आमच्या भागात जीवरक्षक बाई शोधून सापडत नाही. म्हणून मला घेतलं.

नेमताना वहिनींनी प्रमाणपत्र उघडलंसुद्धा नाही. विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"जानेफळकडचं."

"गावात घर कोणत्या अंगाले?"

आमच्याकडे हा प्रश्न कोणी पत्ता शोधायला विचारत नाही.

"खालच्या," मी म्हणाले. "विहारापाशी."

"हं," वहिनी म्हणाल्या. एवढंच. मग बांबू आला.

मला याद्या करायची सवय आहे. बाजाराची यादी, बॅगेतल्या सामानाची यादी, तलावावर पोचल्या पोचल्या काय काय तपासायचं त्याची यादी. दोर, रिंग, शिट्टी, औषधाची पेटी. संशय आला, तेव्हा मी संशयाचीही यादीच केली. एकेक कारण घ्यायचं, निस्तरायचं, खोडायचं.

कपड्यांचं कारण असेल. मी नवा पोशाख आणला, टोपी आणली, वहिनींना दाखवली. त्या म्हणाल्या, "कपड्याचं नाही हो, हायजीनचं आहे." मी म्हणाले, मेंबरसारखी शॉवर घेऊन उतरेन. त्या म्हणाल्या, "तसं नाही, ते विम्यात बसत नाही." जीवरक्षकाने कोरडंच राहावं असं कोणता विमा म्हणतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. कारण दर वेळी बदलत गेलं. नियम जागचा हलला नाही.

सकाळच्या बॅचचा जीवरक्षक म्हणजे वहिनींचा भाचा. एकदा तो फाटकात भेटला.

"काय बे, तुले पण पाण्यात उतरायची बंदी आहे का?"

"मले? मावशी, मी तं पाण्यातच राह्यतो. वरून काय हवा खाऊ?"

"मग बांबू कोण वापरते?"

"बांबू?" तो हसायला लागला. "त्याले जाळी बांधून आपले माळी किसनकाका पालापाचोळा काढत होते. तुम्हाले देला का तो?"

पाला काढायचा बांबू. मी तोही यादीत लिहिला. पण काम सोडलं नाही. घर माझ्यावर होतं. शिवाय संशय म्हणजे पुरावा नव्हे, असं मी स्वतःला बजावत होते. माणूस किती दिवस स्वतःला बजावू शकतो, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पोहायला मी खदानीत शिकले. माझा बाप दगड फोडायचा. गावात दोन विहिरी होत्या. दोन्हींवर वरच्या अंगाची पोरं पाठीला डबा बांधून उड्या मारायची. आम्ही काठावर गेलो की "ए, सावली पाडू नका बे पाण्यात" असं कोणीतरी ओरडायचं आणि बाकीचे हसायचे. म्हणून बापाने आम्हाला खदानीच्या हिरव्या पाण्यात नेलं. तिथे दरवर्षी कोणी ना कोणी बुडायचं. बापाने बुडणाऱ्याला कसं काढायचं तेच आधी शिकवलं, पोहणं नंतर. "आधी केस धर. नाव मंग इचार," म्हणायचा. वसतिगृहातल्या मुलींना मीही तेच शिकवलं. आणि इथे, निळ्या फरशीच्या कडेला, पाल्याचा बांबू घेऊन उभी राहिले.

मधे एकदा एका मेंबरच्या लहान मुलीने पाण्यातच शी केली. बायका किंचाळत बाहेर पळाल्या. वहिनी हसल्या. "लेकरू आहे, होते असं." किसनभाऊ तिथे बागकाम करतात, तलावाची सफाईही तेच पाहतात. त्यांनी जाळीने घाण काढली, क्लोरीन टाकलं. दुसऱ्या दिवशी बॅच सुरू. सगळ्या पाण्यात. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मग ती संध्याकाळ आली.

कापड दुकानदाराच्या घरातली सून होती. नवी. पोहणं अजून येत नव्हतं, पण हौस मोठी. तिची सासू रोज बाकावर बसून असायची, सुनेवर लक्ष ठेवायला. सून कडेकडेने खोल बाजूला सरकली. मी शिट्टी वाजवली. तिने मागे वळून हसून हात केला, आणि तोच हात कडेवरून सुटला.

बुडणारं माणूस ओरडत नाही. ते सिनेमात. ती नुसती उभ्याची खाली गेली. एकदा वर आली, तोंड उघडं, नजर कुठेच नाही. पाय झाडत झाडत मधोमध गेली.

माझ्या हाताने आधी बांबू उचलला.

मी नाही, माझ्या हाताने. नियम इतका आत शिरला होता. बांबूचं टोक तिच्या केसांना लागलं. तिला कळलंही नाही. टोक धरायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. रिंग टाकली, तर ती धरायलाही माणूस वर असावा लागतो. ती खाली चालली होती. वहिनी पलीकडून ओरडल्या, "बाई, बांबू! बांबू द्या!"

मी बांबू टाकला आणि उडी घेतली.

केस धरले. वर आणलं. कडेला घेतलं, फरशीवर आडवी केली. श्वास नव्हता. मी तिची मान मागे केली, नाक दाबलं आणि माझ्या तोंडाने तिच्या तोंडात हवा भरली. पुन्हा. पुन्हा. तिच्या छातीतून पाण्याचा गुळगुळ आवाज आला. मी तिला कुशीवर वळवलं. ती ओकली आणि मोठ्याने रडली. तेवढा चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

सासू तिथेच उभी होती. मला वाटलं, आता ही माझा हात धरेल. ती वहिनींकडे वळली आणि हळूच विचारलं, "तोंडाले तोंड लावलं का हो तिनं?"



मग सासू सुनेला म्हणाली, "घरी गेल्याबरोबर डोक्यावरून पाणी घे बरं."

आत्ताच पाण्यातून काढलेल्या बाईला ती आंघोळ करायला सांगत होती. क्लोरीन असतं, पोहून आल्यावर आंघोळ करतातच. तसंच असेल. माझ्या यादीत मी तसंच लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा मोटर चालू होती. तलाव निम्मा रिकामा झाला होता. जाड पाइपातून पाणी भिंतीबाहेर नाल्यात पडत होतं. ऐन उन्हाळा. गावात नळाला आठवड्याने पाणी येतं, आणि तो एवढा तलाव नाल्यात चालला होता.

"काऊन सोडलं किसनभाऊ?"

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "फिल्टर बिघडला म्हणे."

"फिल्टर तर काल चांगला चालू होता. मीच तपासला."

"मले जे सांगतलं ते मी केलं, बाई. भाऊचा फोन होता. म्हणे, पुरं काढा. फरशी घासा. नवं भरा." मग पाइप सरळ करत म्हणाले, "झाडाले सोडतो म्हटलं, तं तेही नको म्हणे."

मी फिल्टरखोलीत गेले. फिल्टरला कोणी हातही लावलेला नव्हता. दुरुस्तीवाला आला नव्हता, येणारही नव्हता.

मी तिथेच खाली बसले. डोळ्यांसमोर ती लहान मुलगी आली, किसनभाऊंची जाळी आली. त्या घाणीला मूठभर क्लोरीन पुरलं होतं.

मला पुरलं नाही.

महाडच्या तळ्याची गोष्ट आमच्या घरात लहान-थोर सगळ्यांना पाठ. ओंजळीने पाणी प्यायल्याची, आणि मागाहून लोकांनी ते तळं शुद्ध करून घेतल्याचीसुद्धा. ती गोष्ट मला आजोबांच्या काळातली वाटायची. इथे शेण नव्हतं, गोमूत्र नव्हतं, मंत्र नव्हते. मोटर होती. फिल्टर हा शब्द होता.

भिंतीपलीकडे आवाज आले म्हणून पाहिलं. नाल्याच्या कडेच्या झोपड्यांतल्या बाया बादल्या, पिंप घेऊन पळत आल्या होत्या. धुण्याला होईल म्हणून भरून घेत होत्या. एकीने मला विचारलं, "बाई, आणखी सोडणार हाये का?" तिला ते पाणीच दिसत होतं. नुसतं पाणी.

तलाव टँकरने पुन्हा भरला. बॅच सुरू व्हायच्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. मेंबर बायका टॉवेल घेऊन उभ्या होत्या. ती सून आणि तिची सासूही. वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"बाई, तुम्ही चांगलं केलं. आम्ही नाही म्हणत नाही. पण नियम तो नियम. तुमची अडचण आमच्या लक्षात आली. बांबू कमी पडला ना? भाऊनं नवीन आणला."

भिंतीला एक हिरवा, नवाकोरा बांबू टेकवला होता. आधीच्या दुपटीने लांब.

"हा मधोमध पोचते," वहिनी म्हणाल्या. "आता उतरायचं काम नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. माणसाचा जीव घुसमटला, तर यांनी काय शोधून काढलं? लांब बांबू. म्हणजे पोचायचं, पण अंतर ठेवून. इतकी वर्षं हीच वस्तू आमच्या आणि यांच्या मधे होती. फक्त आज ती दुकानातून नवी आली होती.

मी बांबू उचलला, तोलून पाहिला. चांगला होता. कामाची वस्तू मी मोडत नाही. तो हाताशी येईल असा भिंतीला लावला. शॉवरखाली गेले. डोक्यावरून पाणी घेतलं, सगळ्यांसमोर. मग पायऱ्यांवरून तलावात उतरले. मेंबरांच्या आधी. सावकाश. गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिले.

"बाई! हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"पाणी तपासून राह्यली. रोज बॅचच्या आधी मी उतरणार. मग मेंबर."

"हे नियमात नाही."

"जीवरक्षकाच्या नियमात आहे. तुमचा भाचाही तेच करते. त्याले विचारा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दोघी-तिघी टॉवेल गुंडाळून निघाल्या. सासूने सुनेचा दंड धरला. मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पाण्याकडे पाहत होती. मग तीही गेली. मला वाईट वाटलं नाही, असं मी लिहिणार नाही. पण उद्या ती पुन्हा बुडाली, तर मी पुन्हा तिचे केस धरीन. नाव मला माहीत आहे. तरी धरीन.

"मी भाऊले फोन लावते," वहिनी म्हणाल्या.

"लावा. टँकरवाल्यालेही लावून ठेवा. मी रोज उतरणार आहे."

भाऊंचा निरोप अजून आलेला नाही. येईल. मला काढतील. काढताना काहीतरी कारण सांगतील. कपडे, विमा, हायजीन, फिल्टर. ही सगळी मी तपासून खोडलेली आहेत. यादीत आता एकच शब्द उरलाय. तो त्यांना माहीत आहे, सासूला माहीत आहे, किसनभाऊंनाही माहीत आहे. आजवर तो कोणी तोंडातून काढला नाही.

मला काढायचं असेल, तर तो शब्द चारचौघांत मोठ्याने म्हणा. तोवर मी पाण्यात आहे.