पट्टा बांधून बघताना

नव्या इलॅस्टिकचा वास आला की धाकटा भाऊ आठवतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्याच्या पोटावर शौचाची पिशवी लागली होती. आधाराचा पट्टा बांधून गुऱ्हाळावर जायला डॉक्टरांची हरकत नव्हती, म्हणून आम्ही कोल्हापुरात दुकानात गेलो. दुकानदारानं पिशवीपुरतं भोक असलेला रुंद पट्टा बांधला आणि म्हणाला, "पावणं, ह्यावर गुळाची ढेप उचलायची न्हाय." भावानं माझ्याकडं रोखून बघितलं. "दादा, ह्याला तूच शिकवलंस की." मी नाही म्हणालो. उकळत्या रसाची काहील कलती करताना वाकायचा तसा तो दोनदा वाकला, पिशवी चाचपली. "हाय तिथं हाय. द्या हाच." पुढचे दोन हंगाम तो कामावर गेला. दुकानात जायच्या आदल्या दिवशी दुकानदाराला फोन मीच केला होता, हे तो वारल्यावरही मी कुणाला सांगितलेलं नाही.