माझे पाच खोटे पूर्वज

कराडच्या एसटी स्टँडवर आप्पा मला सोडायला आले, तेव्हा मी फोनमध्ये व्हिसाची कागदपत्रं तपासत होतो. ते घराण्याबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी नुसता "हो आप्पा, हो" म्हणत राहिलो. त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही. मागे राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच निघून आलेल्या भावंडांनो, पुढचं वाचून हसलात तरी चालेल. मला मात्र हसू येत नाही.

जपानमधल्या त्सुकुबात येऊन सहा वर्षं झाली. ऑफिस, डेडलाइन, सायकलवरून भाजी, वारानुसार वेगवेगळा कचरा. रविवारी सिटी हॉलजवळ जपानीचा मोफत वर्ग असतो. तिथे माझ्या शेजारी जाझगुल-सान बसायच्या. त्या किर्गिझस्तानच्या कवयित्री. वडील मेंढपाळ, त्यामुळे लहानपणीचे उन्हाळे डोंगरातल्या कुरणांवर, लोकरीच्या तंबूत गेलेले. तिकडे शाळेत शिकवायच्या, दोन छोटे कवितासंग्रहही निघाले. नवरा इथे भूकंपावर संशोधन करतो आणि त्या कारखान्यात जेवणाचे डबे भरायचा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करतात. हातात मोजे, कागद आत न्यायला बंदी. म्हणून सुचलेली ओळ सुट्टी होईपर्यंत मनात घोळवत ठेवायची. आपल्या कविता त्यामुळेच आखूड झाल्या, असं त्या सांगायच्या.

एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुमचे सात बाप कोण?" त्यांच्याकडे प्रत्येक मुलाला वडिलांपासून मागे सात पिढ्यांची नावं पाठ असतात. स्वतःची त्यांनी घडाघड म्हणून दाखवली. मला आप्पा आणि आजोबा रामचंद्र, एवढेच येत होते. सॉफ्टवेअरमधला सीनियर माणूस मी, दोनच येतात म्हणायची लाज वाटली. मग दिलं ठोकून! सोसायटीचे सेक्रेटरी मोरेश्वर, शाळेतले पीटीचे बजरंग मास्तर, असे पाच जण घुसडले. त्यांनी ती नावं वहीत जपून लिहून घेतली.

वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी नवी कविता वाचली, आधी किर्गिझमध्ये, मग जपानीत. तंबूत त्यांचे सात आणि माझे सात पूर्वज समोरासमोर बसलेत आणि त्या एकेकाला नावानं हाक मारून चहा देताहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली. आठ वर्षांच्या इरानं जपानीत विचारलं, "बाबा, होंतो?" खरंच का? मी म्हटलं, "होंतो."

पोरीनं सातही नावं पाठ केली आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर आजोबांना म्हणून दाखवली. आप्पा म्हणाले, "छान म्हटलीस गं बाळा." ती खेळायला गेल्यावर मला हळूच विचारलं, "बजरंग मास्तर आपल्या कुळात कधी आले रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरी नावं सांगा म्हटलं, तर म्हणाले, "श्राद्धाला तीन पिढ्या लागतात, तेवढ्या येतात. रामचंद्र, बाळाजी, गोपाळ. त्यापुढचं मलाही ठाऊक नाही." त्यांचाही आवाज ओशाळला होता. म्हातारपणी त्यांच्यावर ती वेळ मी आणली.

जाझगुल-सानना रविवारी सगळं सांगितलं. कविता तोवर त्यांच्या देशातल्या मासिकाकडे गेली होती. त्या म्हणाल्या, "आम्ही बसलेल्या पाहुण्याला उठवत नाही. खऱ्यांना पाठवा, सरकून जागा करू." पण त्या दिवशी वही त्यांनी मिटूनच ठेवली.

आता घर म्हटलं की मला कराडचं दार आठवत नाही. नातीसमोर माझं खोटं पोटात घालणारे आप्पा आठवतात. मलाही माझ्या पोरीला असं घर द्यायचं होतं. म्हणून इराला बागेतल्या बाकावर बसवून खरं काय ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एरवी जपानीत बोलणाऱ्या पोरीनं मराठीत विचारलं, "बाबा, मग मी आता कुणाकुणाला विसरू?"