मोल्डरबरोबरच्या शंभर बैठका

वजन अंगावर आलं की मोल्डरला हसू यायचं. बाकीचे ओरडायचे, दातओठ खायचे. हा मात्र खांद्यावर रॉड घेऊन खाली बसला की लाजल्यासारखा हसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गडी आपली चेष्टा करतोय. पुढं कळलं, त्याला खरोखरच मजा येत असे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो साचे घालायचा, म्हणून तो मोल्डर. पहिली पाळी सुटली की सायकल मारत थेट आमच्या पेठेतल्या तालमीत. नखांत काळी वाळू तशीच. मागच्या खोलीतल्या लोखंडी प्लेटाही त्यानंच मालकाला विचारून, वाया गेलेल्या मालातून ओतून आणलेल्या. रॉडची एक बाजू हमखास किलोभर जड भरायची. मी कुरकुर केली तर म्हणायचा, "तांदळाचं पोतं उचलतोस तवा दोनी बाजू तोलून बघतोस काय?"

मी तेव्हा नुकताच बँकेत लागलेला, अंगानं काडी. ‘जमत नाही’ म्हटलेलं त्याला चालत नसे. "आज न्हाय झालं, आसं म्हण की," एवढंच तो सांगायचा आणि मलाही तसंच म्हणायची सवय लागली.

दर रविवारी सकाळी आमचा एकच बेत. पन्नास किलोचा रॉड खांद्यावर घेऊन शंभर बैठका. दम खायचा तो उभ्यानं. शंभर होईपर्यंत रॉड खाली ठेवायचा नाही. मोल्डरनं हे कितीदा तरी केलं होतं. मी आठ महिने सत्तरच्या आसपास येऊन रॉड टेकवत होतो. अशात त्याला पुण्याकडच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली. सोमवारी निघायचं ठरलं. आदल्या दिवशी तालमीत येऊन तो म्हणाला, "तुझी शंभर बघूनच जानार हाय."

आधी त्यानं स्वतःची शंभर काढली आणि भिंतीला टेकून बसला. मग मी रॉडखाली शिरलो. पन्नासपर्यंत सगळं ठीक होतं. साठनंतर एकेका बैठकीला तीन-तीन श्वास लागू लागले. बहात्तरला मांड्या अशा थरथरल्या, की मी रॉड ठेवायला मागं वळलो.

मोल्डर उठून समोर येऊन उभा राहिला. माझ्या डोळ्यांत बघत तो रिकाम्या हातांनी खाली बसला आणि वर आला. त्याच्या पायांत त्राण उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तो पुन्हा बसला, तसा मीही बसलो. त्र्याहत्तर. मग आम्ही समोरासमोर एकदमच खाली जाऊ लागलो, एकदमच वर येऊ लागलो. बाहेर आखाड्यात कुस्ती खेळणारे पैलवान मातीसकट दारात येऊन मोजायला लागले. चौऱ्याण्णवला मोल्डरचे पाय गेले. तो बदकन जमिनीवर बसला आणि तिथूनच हसत आकडे ओरडू लागला. शेवटच्या सहा बैठका मी एकट्यानं काढल्या. शंभरावीला वर आलो तेव्हा कानांत नुसता दणदणाट होता. दोघा पैलवानांनी रॉड काढून घेतला आणि मी मोल्डरच्या शेजारी आडवा झालो. इतका आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता.

सोमवारी सकाळी मी त्याला पोचवायला स्टँडवर गेलो. त्याला एसटीची पायरी चढवेना. दोन्ही हातांनी दांडी धरून त्यानं स्वतःला वर ओढलं. कंडक्टरनं काळजीनं विचारलं, "पावणं, आजारी हाय काय?"

"न्हाय वो," मोल्डर म्हणाला, "मैतराची शंभर झाली काल."

खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला, मी तो घट्ट धरला. तेवढ्यात गाडी हलली. चार पावलं बरोबर पळत जावं असं फार वाटलं, पण पाय उचलेचनात. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी जागच्या जागी उभा राहून हात हलवत राहिलो.