कडुबाने धुतलेली काच

कडुबा चिकलठाण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काचेची भांडी धुतोय. मुकुंदवाडीहून पायी येतो. आधी स्वतःची नखं बघतो, मगच नळ सोडतो. साबण, सात पाणी, मग भट्टी. सातव्या पाण्यानंतर चंबू उजेडात धरायचा. आतून पाणी सलग उतरलं तर ठीक. एक थेंब जरी अडकला तरी पुन्हा साबण.

तिथं प्लास्टिकच्या पाकिटातून खाण्यात काय उतरतं ते शोधतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक रसायन घालतात. लोणच्याचं तेल ते ओढून घेतं. तपासायला हे तेल द्रावकात विरघळवून यंत्रात घालतात. रसायन असलं की यंत्राच्या पडद्यावर सपाट रेघेतून सुईसारखं टोक, सुई, उभी राहते. पण लोणच्याआधी नुसता द्रावक घालून बघायचा असतो. तेव्हा रेघ सपाट हवी.

त्या सोमवारी नुसत्या द्रावकातच सुई उभी राहिली. मंगळवारीही तेच.

तपासणीच्या प्रमुख सदफ मॅडम धुण्याच्या खोलीत आल्या. "कडुबामामा, काच साफ नाही. असंच चाललं तर वापरून फेकायच्या बाटल्या मागवाव्या लागतील."

म्हणजे ही खोली बंद. पण कडुबाला झोंबलं ते पहिलं वाक्य.

"मॅडम, हात तेच, पाणी तेच, भट्टी तीच. नवं काय आलं ते बघा."

"मामा, वय झालं आता, नजर चुकायचीच," इंद्रजीत हसला. तो महिन्यापूर्वी आलेला केमिस्ट.

कडुबाने हात पुसले आणि थेट त्याचं टेबल गाठलं. द्रावकाच्या काचेच्या बरणीला तोटी होती. सांडू नये म्हणून इंद्रजीतने शनिवारी तिला एक पारदर्शक नळी बसवली होती. कडुबाने ती वाकवून बघितली.

"शनिवारी ही गांडुळावाणी मऊ होती. आज काडीवाणी ताठ. इंद्रजीतराव, हिचं मऊपण गेलं कुठं?"

सदफ मॅडमनी नळी हातात घेतली. "या अल्लाह! ते रसायन आपल्याच द्रावकात."

"असं नाय. आधी दाखवतो, मग म्हणा."

कडुबाने दोन चंबू सगळ्यांसमोर धुतले. अर्धा दिवस गेला, पण एक पाणी कमी केलं नाही. एकात नळीतून द्रावक घेतला, दुसऱ्यात नळी काढून थेट तोटीतून. यंत्रात घातल्यावर पहिल्यात सुई. दुसऱ्यात सपाट रेघ.

एकवीस वर्षांत कडुबाने तो पडदा कधी पाहिला नव्हता. तो वाकून बघत राहिला.

"हितं तर काहीच नाय."

"तेच तुमचं काम, मामा," मॅडम म्हणाल्या. "मी चुकले."

"लई सरळ हाय," तो रेघेकडे बघून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची तपासणी सुरू झाली. त्याआधी, सकाळी, इंद्रजीत बाह्या सरसावून मोरीपाशी उभा होता.

"मामा, धुवायचं शिकवा."

कडुबाने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"आधी नखं कापून या, साहेब."