ह्यांचं दूध बंद

अख्ख्या नेवासा तालुक्यात मांजराला अहो-जाहो करणारी एकच बाई आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. पूर्वी मी हे चारचौघांत सांगायला जरा बिचकत असे. आता मुद्दाम सांगतो, आणि ऐकणारा हसला तर त्याचीच कीव करतो. आत्याच्या बोलण्याला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. घरात जन्मलेल्याला अरे-तुरे, घरात आणलेल्याला अहो-जाहो. पोटच्या मुलाला ती आजही, तो स्वतः दोन पोरांचा बाप असून, "मुडद्या, जेवून घे" म्हणते, त्याच्या बायकोला मात्र "अहो सूनबाई, बसा जरा." लोणीच्या बाजारातून आणलेल्या जर्सी गाईला ती "अहो, सरका पलीकडं" म्हणते आणि त्याच गाईच्या वासराला, ते गोठ्यात जन्मलं म्हणून, "सर की मेल्या." बोअरची मोटार सुरू होईना तेव्हा तिने पेटीपुढे उभं राहून "अहो, असं काय करताय, रान वाळून चाललंय," असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. एकदा मी तिला याचं कारण विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांनी काय अर्ज केला हुता का आपल्याकडं यायचा? आपन आनलं. आनलेल्याला मान द्यावा लागतो." लग्न होऊन या घरात ती स्वतःही आणलेलीच होती, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. या नियमात फक्त आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, बसत नाहीत. ते त्याच घरात, त्याच वस्तीवर जन्मलेले. त्यांना मिळतो तो 'अहो' निव्वळ रिवाजाचा, जगातल्या सगळ्या नवऱ्यांना मिळतो तसला.

बोका आला तो आमच्या पारनेरच्या घरून. आमच्या धान्याच्या कोठीमागे मांजर व्यालं होतं, त्यातलं एक पिवळसर पिल्लू आत्याच्या पदराला लटकलं ते सुटेना. आत्याने ते पिशवीत घातलं आणि एस.टी.ने नेवाशाला नेलं. म्हणजे ते आणलेलं तर होतंच, वर माहेराहून आणलेलं. माहेरच्या माणसाचा मान किती ठेवावा याला आत्याकडे मर्यादा नाही. वस्तीवर कुत्री, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, तेव्हा तिने ठरवलं की बोका उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. "बाहीर काय झालं तर भावाला काय तोंड दावू?" असं ती म्हणे. माझे वडील त्या पिल्लाला पार विसरून गेले होते, पण त्याने काही फरक पडत नव्हता. तिने दारांना जाळ्या बसवून घेतल्या, खिडक्यांना बसवून घेतल्या. जिथे मांजरं उंदरांवर गुजराण करतात त्या मुलखात आत्याचा बोका पलंगावर बसून जाळीतून उंदीर बघत असे. रोज सकाळी पहिल्या धारेचं दूध त्याला, संध्याकाळी साय त्याला. गावातल्या बाया हसायच्या. आत्या त्यांना चहा पाजायची आणि बोक्याकडे वळून म्हणायची, "तुमी नका लक्ष दिऊ."

आता गोष्ट अशी की या बोक्याला तिने नावच ठेवलं नाही. "आपन कोन त्यांचं नाव ठिवनार?" असं म्हणून विषय संपवला. त्यामुळे त्याचा उल्लेख 'हे' असा होऊ लागला. आतोबांचा उल्लेख लग्नापासून 'हे' असाच होत होता. एकाच घरात, एकाच सर्वनामात दोघंजण राहू लागले. घरच्यांना त्याची सवय झाली होती. पुढे काय येतं त्यावरून ते ओळखत. "हे रानात गेल्यात" म्हणजे आतोबा. "हे फ्रीजवर बसल्यात" म्हणजे बोका. "हे रुसल्यात" म्हटलं की जरा थांबून अंदाज घ्यावा लागे. एरवी कुणाचं काही अडत नव्हतं. पण काही गोष्टी दोघांनाही होऊ शकतात, आणि पोट बिघडणं ही त्यातली एक.

मी नगरला राहतो, नागापूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. एका सुट्टीच्या सकाळी आत्याचा फोन आला. फोनवर ती कधीच हॅलो म्हणत नाही, वाक्याच्या मधूनच सुरू होते. "...आन लवकर ये, गाडी घिऊन ये. ह्यांचं पोट लई बिघडलंय. पहाटंधरनं उलट्या. पान्याचा घोटबी टिकंना. कॉटखाली जाऊन बसल्यात, बाहीर यायला तयार न्हाईत." कॉटखाली म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती, पण आतोबांचा स्वभाव पाहता तेही मला अशक्य वाटलं नाही. मी शहाळी घेतली, बायकोने मऊ खिचडीचा डबा दिला आणि मी सुसाट नेवासा गाठलं. ओट्यावर आतोबा ठेचा-भाकरी खात बसले होते. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. "मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. एवढ्यात आतून आत्या बाहेर आली. तिच्या हातात कपड्यांची टोपली होती, टोपलीत लुगड्याची घडी, आणि घडीवर बोका पडला होता. त्याचे डोळे आत गेले होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडला जात असून त्याने मानही वर केली नाही. माझं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. गाडी निघताना आतोबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "नगरला चाललीच हायेस तर माझा रक्ताचा रिपोर्ट बी घे आन डॉक्टरला दाव." मागच्या आठवड्यात त्यांच्या पोटात दुखत होतं म्हणून त्यांनी नगरला रक्त दिलं होतं.

पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. आत्याने पदर सावरला, खाली बघितलं आणि म्हणाली, "हे." मुलीने पुन्हा विचारलं. आत्या पुन्हा लाजून म्हणाली, "हेच की." फाईलवर तेच नाव पडलं, आणि थोड्या वेळाने तिथल्या भरल्या खोलीत पुकारा झाला, "हे! हे कोण आहेत? हे आत या." डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी बोक्याची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली. अंगातलं पाणी संपलं आहे, आतड्याला सूज आहे, म्हणाले. सलाईन लावली, इंजेक्शन दिलं, आणि खातो काय ते विचारलं. आत्याने धारेचं दूध, साय, अधूनमधून पेढा असं सगळं अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आधी दूध बंद करा." आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. गोठ्यात चार गाई असलेल्या बाईला मांजराचं दूध तोडायला सांगत होते ते. "दूध न्हाई तर मांजर म्हनायचं कशाला त्यांना?" ती पुटपुटली. मग तिने बोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजी मीच पाजलं." एवढंच. त्यानंतर दुधाबद्दल तिने एकदाही वाद घातला नाही.

रोज सलाईन लावायची होती म्हणून आत्या बोक्याला घेऊन माझ्या फ्लॅटमध्ये राहिली. संध्याकाळी तिने घरी फोन लावला. बोका टोपलीत निपचित होता, तिचा एक हात टोपलीत होता. "सूनबाई, डॉक्टरनी ह्यांचं दूध बंद केलंय. साय न्हाई, दही न्हाई, तूप न्हाई. तिखट-मीठ बी न्हाई. आत्तापास्नं ध्यानात ठिवा." मग तिचा आवाज फुटला. "ह्यांना काय झालं तर मला घर खायला उठंल हो सूनबाई. कुनाकडं बघून राहायचं मी?" मी शेजारी उभा होतो. आत्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे जे पाहिलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. सुईविना सिरिंजने बोक्याच्या गालात पाणी सोडायचं होतं. तिने ते पहिल्याच खेपेला असं केलं की जणू आयुष्यभर तेच करत आली आहे. दर वेळी आधी म्हणायची, "अहो, थोडंच. माझ्यासाठी." औषधाचा थेंब ती आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायची, कडू असेल तर बोक्याची माफी मागायची, नसेल तर उगाच तोंडं वाकडी करू नका म्हणून दटावायची. तो घाण करायचा, ती पुसायची आणि जे पुसलं ते उजेडात नेऊन आमच्या घरी पेपर वाचतात तितक्या बारकाईने बघायची. ह्यांना बंद तर मला कशाला, म्हणून तिने स्वतःही दुधाचा चहा सोडला. दिवसभर ती त्याला पारनेरकडच्या बातम्या सांगे. कोठी पाडून तिथे खोली बांधली, थोरल्या चुलत्यांचा गुडघा दुखतो, चिंचेला यंदा बहर लई आहे. माहेरच्या माणसाला माहेरचं कळलं तर तो धरून राहील, असा तिचा हिशोब असावा. माझी बायको एरवी मांजराच्या केसाने शिंकते, पण तीही ते ऐकत तिथेच बसून राहायची.

तरी बोका खाईना. डॉक्टरांनी सांगितलं, उकडलेलं चिकन द्या, आज पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे. आत्याच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. तिने अंडंसुद्धा कधी हातात धरलेलं नाही. मी म्हटलं, मी उकडून देतो, तू बाहेर बैस. ती म्हणाली, "माझ्या हातचं दूध त्यांना बाधलं. आता माझ्याच हातचं लागू पडाया पायजे." माझी बायको हळूच म्हणाली, "आत्या, निदान माळ तरी काढून ठेवा." त्यावर आत्या म्हणाली, "काढायची कशाला? चोरून करतीय का मी? दिसू दे की त्या वरच्याला." आणि गळ्यात माळ तशीच ठेवून, नाकाला पदरही न लावता, तिने ते मांस धुतलं, शिजवलं, बोटांनी कुस्करलं. त्याचं पाणी बोटावर घेऊन बोक्याच्या ओठाला लावलं. तो हलला नाही. पुन्हा लावलं. "अहो," ती म्हणाली, "मी बाटले तुमच्यापायी. आता तरी मान राखा." बोक्याची जीभ बाहेर आली आणि बोटावरून फिरली, मग पुन्हा फिरली. आत्याने आमच्याकडे वळून पाहिलं. ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. माझ्या बायकोने सरळ वाकून तिच्या पाया पडून घेतलं, आणि मीही पडलो.

बोका उठून बसायला लागल्यावर आम्ही नेवाशाला परतलो. ओट्यावर बाजेवर आतोबा भर उन्हात शाल पांघरून बसले होते. गाल बसलेले, दाढी वाढलेली, पुढ्यात कोऱ्या चहाची कपबशी आणि बिनमिठाचा भात. आत्या टोपली घेऊन उतरली तसे ते धीर गोळा करून म्हणाले, "काय म्हनला डॉक्टर? लपवू नको आता. मी समदं ऐकलंय."

"काय ऐकलंय?"

"माझं दूध बंद केलंय ना त्यानं?"

"तुमचं कशाला बंद करील?" आत्याने टोपली पुढे केली. "ह्यांचं केलंय!"

मग उलगडा झाला. त्या संध्याकाळी सूनबाईंचे हात कणकेत होते म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता, आणि आतोबांनी शब्द न् शब्द ऐकला होता. "आवो, मांजराचं दूध कुनी बंद करतं का जगात?" सूनबाई तोंडात पदर कोंबून म्हणाल्या. "आमाला वाटलं, मामांचाच रिपोर्ट वंगाळ निघाला." आतोबांनी विचारलं, मग रिपोर्टचं काय? आत्या म्हणाली, "त्यो? त्यो दावला की, चांगला हाय. चांगल्याचं काय सांगायचं?" सगळी वस्ती हसली. आतोबाही हसले. कोरा चहा त्यांनी अंगणात फेकला आणि आत्या बोक्याला घेऊन घरात गेली.

मी निघालो तसे आतोबा गाडीपर्यंत आले. शाल अजून खांद्यावरच होती. बराच वेळ ते आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, "ती फोनवर रडली तवा तू तिथंच हुता का?"

"होतो."

"घर खायला उठंल म्हनली. कुनाकडं बघून राहायचं म्हनली." त्यांनी शालीचं टोक सारखं केलं. "इतक्या वर्सांत असं कवा बोलली न्हाई रं. म्हनून मला त्या कोऱ्या चहाचं काय बी वाटलं न्हाई. म्हनलं, आता काय झालं तरी चालंल." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते बी बोक्याचंच हुतं व्हय?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिचा हात कुठे होता हे मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "आतोबा, ती 'हे' म्हणाली. मी तेवढंच ऐकलं."

"व्हय," ते म्हणाले. "मी बी तेवढंच ऐकलं."

इतक्यात घरातून आत्याचा आवाज आला. आवाज मऊ होता, जरा थकलेलाही. "अहो, या ना आता. दोन घास खाऊन घ्या." ती कुणाला बोलावत होती ते जाळीच्या दारातून दिसत नव्हतं. आतोबांनी खांद्यावरची शाल काढून हातावर घेतली.

"आलो," ते म्हणाले आणि आत गेले.